घरचं ताट नेमकं कितीला पडतं? वही घ्या, सांगतो कसं काढायचं

आमच्याकडे हा वाद दर महिनाअखेरीला ठरलेला. बायको म्हणायची, "दोघंही आठला घरी येतो, फ्रीजमध्ये भाज्या सडतात, त्यापेक्षा मागवलेलं स्वस्त पडतं." आई गावाहून आली की तिचं वेगळंच, "घरी केलं तर काय खर्च येतो रे, चार पोळ्या नि भाजी." मी आपला मध्ये बसून दोघींनाही मान डोलवायचो. शेवटी मागच्या दिवाळीनंतर दुकानातून एक दोनशे पानी वही आणली आणि दोन महिने सगळं लिहून काढलं, आणि गंमत म्हणजे दोघीही निम्म्या निम्म्या चुकीच्या निघाल्या. कसं काढलं ते सांगतो, कुणाला करून बघायचं असेल तर.

आधीच सांगतो, खालचे भाव आमच्या पुण्यातल्या पेठेजवळच्या मंडईचे आणि वाण्याचे आहेत, तेही मी हिशोबाला सोपे पडावेत म्हणून गोल केलेले. तुमच्याकडे गहू दोन रुपये इकडेतिकडे असेल, त्याने काही बिघडत नाही, रीत तीच राहते. घरात आम्ही चौघं, आम्ही दोघं, मुलगी आणि माझा धाकटा भाऊ.

पहिला आठवडा काहीच बदलू नका, फक्त लिहा

हे सगळ्यात महत्त्वाचं. वही आणली की माणूस लगेच शहाण्यासारखं वागायला लागतो, दोन दिवस मुगाची खिचडी करतो आणि मग म्हणतो बघा किती स्वस्त. तसं नको. जसं चाललंय तसं चालू द्या, ऑफिसखालचा चहा-समोसा, मुलीला क्लासवरून आणताना घेतलेला वडापाव, रात्री साडेनऊला कंटाळून केलेली ऑर्डर, सगळं लिहायचं. यूपीआयमुळे हे सोपं झालंय, रात्री झोपताना फोनवरचे व्यवहार बघायचे आणि वहीत उतरवायचे. फक्त ऑर्डरच्या पुढे एक शब्द लिहायचा, का मागवलं. आमच्या वहीत "भूक" हे कारण फार कमी वेळा आलं, "उशीर झाला", "स्वयंपाकाच्या मावशी आल्या नाहीत", "भाजी काय करायची सुचलं नाही" हीच तीन कारणं फिरून फिरून. हा रकाना पुढे फार उपयोगी पडतो.

मग एक भावांचं पान करायचं. गहू, तांदूळ, दोन-तीन डाळी, तेल, साखर, दूध, अंडी, आणि तुमच्याकडे खरंच लागतात त्या सात-आठ भाज्या, एवढंच. मसाल्यांच्या नादाला लागू नका, हळद किती ग्रॅम लागली असलं मोजत बसलात तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल. फोडणी, तिखट-मीठ, कोथिंबीर या सगळ्याला मिळून भाजीमागे एक ठोक आकडा धरायचा.

तेलाचं मात्र नीट बघा. आपण एक लिटर म्हणतो पण एक लिटर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि हल्ली पिशव्या वेगवेगळ्या वजनाच्या यायला लागल्यात, दिसायला सारख्याच. म्हणून दोन पिशव्यांचे भाव ताडून बघताना पिशवीवरचे ग्रॅम बघायचे. मी १६० रुपये लिटर धरलंय, म्हणजे पोह्यांचा एक मोठा चमचा तेल साधारण अडीच रुपयाला.

आता ताट

पोळीपासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो. गहू ४२ रुपये, दळण ६, झाले ४८ रुपये किलो. आमच्या मावशींच्या हाताने किलोभर कणकेच्या २५-२६ घडीच्या पोळ्या होतात, फुलके केले तर तिशीच्या पुढे जातात. तुमच्याकडे किती होतात ते एकदा मोजा, म्हणजे खरंच मोजा, किलोची पिशवी वेगळी काढून ती संपेपर्यंत पोळ्यांच्या रेघा मारायच्या, अंदाज चुकतो (माझा आठने चुकला होता). तेल धरून पोळी सव्वादोन रुपयाला पडते, मी अडीच धरतो. पोळी-भाजी केंद्रात तीच पोळी १० रुपये. माणसाच्या तीन पोळ्या, साडेसात रुपये.

आमटीला चौघांत एक वाटी तूरडाळ, १२० ग्रॅम, किलोला १४० म्हणजे १७ रुपयांची डाळ, त्यावर फोडणी, आमसूल, गूळ, कोथिंबीर. माणशी सहा रुपये झाले. भात इंद्रायणीचा, ६५ रुपये किलो, कोरडा तांदूळ माणशी ५० ग्रॅम म्हणजे सव्वातीन. भाजीत भेंडी धरू, ८० रुपये किलोची अर्धा किलो, ४० रुपये, दोन चमचे तेल पाच रुपये, दाण्याचं कूट आणि बाकी मसाला आठ, एकूण ५३, माणशी सव्वातेरा. काकडीची दह्यातली कोशिंबीर पाच रुपये. इथपर्यंत झाले ३५.

भाजीत एक फसवणूक आहे ती लक्षात ठेवा. पाटीवरचा भाव आणि कढईतला भाव वेगळा असतो. किलोभर मटार सोलला की दाणे अर्ध्या किलोच्याही आतच निघतात, म्हणजे ६० रुपयांचा मटार खरा सव्वाशेच्या वर पडला. मेथीची जुडी निवडली की निम्म्या काड्या. फ्लॉवरचा दांडा आणि पाला वजनात येतो पण भाजीत येत नाही (आई दांड्याचीही भाजी करते, ते वेगळं). उलट दुधी, कोबी, लाल भोपळा, भेंडी, यात फार काही जात नाही. त्यामुळे "आज फ्लॉवर स्वस्त होता" असं म्हणण्याआधी एकदा निवडून झाल्यावर वजन करून बघा.

गॅसचा हिशोब लोक उगाच अवघड करतात. नवीन सिलिंडर लावला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करायची, संपला की परत खूण, मधले दिवस मोजायचे. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, आमच्याकडे तो ४२ दिवस जातो, ९०० रुपये धरले तर दिवसाला साडेएकवीस. यातला तिसरा हिस्सा चहा, दूध तापवणं, नाश्ता यात जातो, उरलेल्यात दोन वेळची आठ ताटं. ताटाला दोन रुपयेसुद्धा पूर्ण होत नाहीत, पण दोन धरा. म्हणजे "गॅस किती महाग झालाय, त्यापेक्षा बाहेर खाल्लेलं परवडतं" हे जे आपण ऐकतो ना, ते या वहीत कुठेच बसत नाही. छोले, राजमा कुकरच्या ऐवजी पातेल्यात शिजवले तर गोष्ट वेगळी, पण ते कोण करतं हल्ली.

तर ताट ३७ रुपयाला आलं. मला आधी वाटलं माझं काहीतरी चुकतंय, इतकं कमी कसं. पण क्रिसिल नावाची संस्था दर महिन्याला घरच्या थाळीचा खर्च काढते, पोळी, भात, डाळ, कांदा-बटाटा-टोमॅटो, दही, सॅलड आणि गॅसही धरून, तिचा शाकाहारी थाळीचा आकडा २०२४ मध्ये २७ ते ३३ रुपयांच्या दरम्यान फिरत होता. त्यांच्या भाजीत कांदा-बटाटा, माझ्या भाजीत ८० रुपयांची भेंडी, म्हणजे जुळतंय. आणखी एक मापदंड आहे. राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू केली तेव्हा गिऱ्हाईकाकडून १० रुपये घ्यायचे ठरले, पण थाळीची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ धरली होती, फरक सरकार केंद्रचालकाला देणार. दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण, मूदभर भात. त्या पन्नासात केंद्र चालवणाऱ्याची जागा, माणसं, भांडी घासणं सगळं आलं. आता माझ्या ३७ मध्ये यातलं काय आलं? काहीच नाही. इथेच आईचा हिशोब चुकतो.

कचरा आणि कष्ट, हे दोन रकाने कुणी लिहीत नाही

कचऱ्याचं पान मी वहीच्या मागून सुरू केलं, म्हणजे रोज दिसणार नाही आणि लाज वाटणार नाही. पिवळी पडलेली कोथिंबीर, तळाला बसलेली अर्धी काकडी, "उद्या फोडणीचा करू" म्हणून ठेवलेला आणि परवा टाकलेला भात, मोठ्या उत्साहाने आणलेली ब्रोकोली. महिन्याला किराणा आणि भाजी मिळून आमचा खर्च आठ-साडेआठ हजार, त्यात टाकून दिलेलं निघालं ८४० रुपयांचं. दहा टक्के. म्हणजे ३७ च्या ताटावर पावणेचार रुपये चढवायचे, झालं ४१. बायको म्हणत होती ते खरंच होतं, फक्त तिला वाटत होतं तेवढं नव्हतं.

आता कष्ट. आमच्याकडे संध्याकाळी मावशी येतात, चौघांच्या पोळ्या आणि भाजी-आमटी करून जातात, महिन्याला ३००० घेतात. दिवसाला १००, माणशी २५. ४१ अधिक २५, ताट ६६ ला पडलं. हा खरा आकडा.

तुमच्याकडे मावशी नसतील तर हा रकाना शून्य ठेवायचा का? अजिबात नाही, आणि यावरून माझं आईशी थोडं वाजलंही. आई म्हणाली, मी करते ते काय पैसे घेऊन करते का. मी म्हटलं, आई, तू करतेस म्हणून स्वयंपाक फुकट होत नाही, त्याचा खर्च फक्त कुणी लिहीत नाही. ज्या घरात बाई दीड तास ओट्यापाशी उभी राहते त्या घरातला माणूस छाती पुढे काढून सांगतो की आमचं जेवण तर चाळीस रुपयात होतं, तेव्हा मला त्याला वही द्यावीशी वाटते. तेव्हा घरात कोणीही करत असो, तुमच्या भागात त्या कामाला जो दर चालू आहे तो धरा. एवढं धरूनही घरचं ताट स्वस्तच निघतं, मग लपवायचं कशाला?

बाहेरचं बिल वाचायची रीत

मेन्यूवरचा आकडा घेऊ नका, शेवटी कापले गेलेले पैसे घ्या. ॲपवर पनीर रोल १८० दिसतो (दुकानात जाऊन घेतला तर बऱ्याचदा दहा-वीस रुपयांनी कमी असतो, एकदा तपासा), पॅकिंग २०, त्या दोनशेवर पाच टक्के जीएसटी १०, डिलिव्हरी ३५, प्लॅटफॉर्म फी १५, आणि या शेवटच्या दोन्हींवर परत १८ टक्के म्हणजे ९. झाले २६९. ही प्लॅटफॉर्म फी २०२३ मध्ये दोन रुपयांनी सुरू झाली होती, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही, आता दोन आकड्यात गेलीये. आणि डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून आपण जे ९० रुपयांचे फ्राईज वर टाकतो, तेही या बिलातच धरायचे, ते "वाचवलेले" नसतात.

आमच्या पहिल्या महिन्यात १४ ऑर्डरी झाल्या, चौघांच्या मिळून सरासरी ५६० रुपयांच्या. घरचं ताट चौघांचं २६४. म्हणजे फरक २९६, असं वाटतं ना? पण नाही. ज्या दिवशी मागवलं त्या दिवशी मावशींच्या पगारातले शंभर रुपये काही परत येत नाहीत. त्या दिवशी घरी जेवलो असतो तर जास्तीचा खर्च फक्त जिन्नसांचा, ४१ गुणिले चार, १६४. म्हणजे खरा फरक ३९६ रुपये एका रात्रीचा, वर मावशींनी करून ठेवलेली भाजी दुसऱ्या दिवशी कुणी खात नाही ती कचऱ्याच्या पानावर. हे कळल्यावर आम्ही दुसऱ्या महिन्यात १४ वरून ६ वर आलो, आठ ऑर्डरी कमी, तीन हजारांच्या थोडं वर वाचले. जवळजवळ मावशींचा पगार सुटला म्हणा ना.

ऑर्डरी कमी करायला इच्छाशक्ती वगैरे काही लागली नाही. तो "का मागवलं" चा रकाना होता ना, त्याप्रमाणे केलं. "उशीर झाला" यासाठी फ्रीजमध्ये भिजवलेली कणीक आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी, "मावशी आल्या नाहीत" यासाठी अंडी आणि मुगाची डाळ, "सुचलं नाही" यासाठी रविवारी कागदावर पाच भाज्यांची नावं लिहून फ्रीजला चिकटवली. उरलेल्या सहा ऑर्डरी आम्ही मजेत करतो, त्यांचा हिशोब करत नाही.

कुठे बाहेरचंच घ्यावं

आता दुसरी बाजू, कारण "घरी करा स्वस्त पडतं" असं सरसकट सांगणारे खोटं बोलतात.

वडापाव घ्या. दोघांसाठी चार वडापाव घरी करायचे ठरवले, बटाटे १२ रुपयांचे, बेसन १०, पावाची अख्खी लादी घ्यावी लागते २४, आलं-लसूण-मिरची-कोथिंबीर १०, वड्यांनी पिलेलं तेल १०, लसणाची चटणी ८, गॅस ५. एकूण ७९, म्हणजे वडापाव २० रुपयाला. गाडीवर? वीसच. वर दीड तास गेला, कढईत अर्धा लिटर तेल उरलं ते आता कुठे वापरायचं हा प्रश्न, आणि ओटा पुसायचा. चार वड्यांसाठी हा धंदा आतबट्ट्याचा. हेच घरी पाहुणे आहेत आणि बारा वडे करायचेत तर पंधरा-सोळा रुपयांवर येतो, कारण लादी पूर्ण वापरली जाते आणि तीच कढई तीनदा भरते. तरी मी सांगेन, घरी वडे करायचे ते आवडीसाठी किंवा तेलाच्या काळजीपोटी करा. तळणाच्या तेलातले पोलर घटक (तेल परत परत तापवलं की वाढत जातात ते) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही असा २०१८ पासून नियम आहे, पण संध्याकाळी गाडीवर ते कोण मोजायला जातंय. तेल काळं, दाट दिसलं आणि त्यावर फेस धरत असेल तर पुढच्या गाडीवर जा, इतकं साधं.

पिझ्झाही तसाच. दोन तयार बेस, चीजचा ठोकळा, सॉस, सिमला मिरची, मका असं सगळं आणलं की अडीचशेच्या घरात जातं, आणि सॉसची बाटली पुढचे चार महिने फ्रीजच्या दारात उभी असते. मुलांबरोबर मजा म्हणून ठीक आहे, बचत म्हणून नाही.

मिसळ मात्र घरी करा, इथे बाहेरचा भाव फार वर गेलाय. पावकिलो मटकी ३२ रुपयांची, भिजवून मोड आणले की दुपटीपेक्षा जास्त होते आणि चौघांना पुरून उरते. फरसाण १५० ग्रॅम ३६, कांदा-टोमॅटो-खोबरं-मसाला ३०, तर्रीला तेल सढळ १०, आठ पाव ३२, गॅस ६. एकूण १४६, माणशी ३६-३७. हॉटेलात प्लेट ९०-१०० च्या खाली मिळेना झालीये. कष्टाचे पंचवीस धरा, तरी बासष्ट. फक्त मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजत घालायची आठवण पाहिजे, रविवारी उठून मिसळ करायची ठरवली तर ती सोमवारी होते.

चायनीजच्या गाडीवरचा फ्राइड राईस म्हणजे तुमच्या फ्रीजमधला कालचा भातच असतो, कोबी-गाजर आणि सोया सॉस घातलेला. कालचा भात कचऱ्याच्या पानावर जाण्यापेक्षा कढईत गेलेला बरा, वीस रुपयात प्लेट होते.

यातून माझ्या लक्षात आलं ते असं की बाहेरचा पदार्थ घरी करून बघायचा आणि मग किमती ताडायच्या, ही तुलनाच चुकीची आहे. गाडीवाला पाचशे वडे काढतो, त्याच्याशी चार वड्यांत तुम्ही जिंकणार नाही. तुलना भुकेशी करायची. संध्याकाळी सहाला दोन वडापाव आणि चहा घेतला, पन्नास-पंचावन्न रुपये झाले, नऊला परत भूक. मग ते पंचावन्न अधिक रात्रीचं जेवण असं लिहायचं. वहीत प्रत्येक खाण्याच्या पुढे "परत भूक किती वाजता" लिहून बघा एक आठवडाभर, फार विनोदी वाचायला मिळतं. आमच्या भावाच्या नावापुढे एका दिवशी बर्गर ७.१५, मग मॅगी १०.३० आणि १२ वाजता शेंगदाणे असं आहे.

चांगलं जेवण महाग असतं का?

हा प्रश्न मला मुलीच्या शाळेतल्या एका बाबांनी विचारला, की बाबा रे स्वस्त ते सोड, पण पौष्टिक खायचं म्हटलं तर महागच पडणार ना. तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या सूचना काढल्या त्यात २००० कॅलरीचं दिवसभराचं ताट दिलंय. धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १००, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस ८५, दाणे-तेलबिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम, आणि दूध किंवा दही ३०० मिली. हे माझ्या भावांच्या पानावर ठेवून बघितलं. धान्य साडेबारा रुपये, भाज्या ७० रुपये किलोने २८, केळं किंवा पेरू ७, डाळ १२, सुकामेवा म्हणून बदाम न धरता आपले शेंगदाणे ५, तेल ५, दूध १८. झाले साडेसत्याऐंशी, गॅस-मसाल्याचे आठ घाला. पंच्याण्णव रुपयात पूर्ण दिवस. मॉलमधल्या एका बर्गर-फ्राईज-कोल्ड्रिंकमध्ये असे अडीच-तीन दिवस निघतात. यात सगळ्यात जास्त पैसे भाज्या आणि दुधाचे आहेत हे बघा, आणि आपण काटकसर करायची ठरवली की आधी कात्री नेमकी भाजीला लावतो.

आणि प्रोटीन प्रोटीन जे हल्ली चाललंय त्याचाही भाव काढलाय मी. दहा ग्रॅम प्रोटीन सोयाच्या वड्यांतून तीन रुपयाला पडतं, शेंगदाण्यातून साडेपाच-सहा, तूरडाळीतून साडेसहा, अंड्यातून बारा, पनीरमधून बावीस. सोयाच्या वड्या रोज कुणी खाऊ शकत नाही हे मलाही मान्य आहे, आमच्याकडे त्या रश्श्यात लपवाव्या लागतात. पण "पनीर घातलं म्हणजे हेल्दी" असं म्हणून तो २६९ चा रोल मागवण्यापेक्षा दोन अंड्यांची भुर्जी आणि पोळी वीस-बावीस रुपयात होते.

एकटे राहणाऱ्यांचं काय

माझा भाऊ आमच्याकडे यायच्या आधी हिंजवडीला पीजीत राहायचा, तेव्हा त्याने घरचं-घरचं म्हणून इंडक्शन, कुकर, कढई, मसाल्याचा डबा असा संसार मांडला आणि तीन आठवड्यांत हात टेकले. त्याचा हिशोब मी नंतर काढला. एकट्याला फ्लॉवर अर्धा मिळत नाही, कोथिंबीर चार काड्या मिळत नाही, पीजीचा फ्रीज सगळ्यांचा, त्यामुळे त्याचा कचरा दहा टक्के नाही, तीसच्या आसपास जात होता. एका पोळीसाठी कणीक मळणं हा तर छळच. अशा माणसाला "घरी कर" एवढंच सांगून भागत नाही.

त्याला मग जे जमलं ते असं. पोळ्या केंद्रातून, तीन पोळ्या ३० रुपये, त्यात वाद घालायचा नाही. कुकरमध्ये एका डब्यात भात, एकात वरण, १० रुपये, इंडक्शनला अर्धा तास म्हणजे अर्धा-पाऊण युनिट, पाच-सहा रुपये (पीजीवाले वीज वेगळी लावत असतील तर). वर काकडी किंवा टोमॅटो नुसता चिरून, आणि तेलात परतलेली एक भाजी, तीही कांद्यासारखी टिकणारी, लाल भोपळ्याची फोड, कोबी. पालेभाजी घ्यायची तर त्याच दिवशी संपवायची. असं ताट साठीच्या आत बसायचं, त्याच भागात मेसचा डबा ११० होता आणि ऑर्डर अडीचशे. आठवड्यातले चार दिवस एवढं केलं आणि तीन दिवस डबा लावला तरी पुष्कळ. सातही दिवस करायचे ठरवलं की आठव्या दिवशी कढई पलंगाखाली जाते.

भाव वर गेले की

वही एकदा केली की संपलं असं नसतं. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीच्या पुढे जाऊन दीडशेला भिडला होता आठवतंय ना, तेव्हा हिशोब न मांडता नुसतं बघितलं तर ताट फार महाग झाल्यासारखं वाटायचं. पण चौघांच्या आमटी-भाजीत टोमॅटो लागतो दोन, फार तर दोनशे ग्रॅम. म्हणजे ३० चा टोमॅटो १५० झाला तरी ताटामागे फरक सहा रुपयांचा, आणि तोही आमसूल किंवा चिंच वापरली तर उरत नाही. पावसाळ्यात पालेभाजी भडकते तेव्हा आमच्याकडे मटकी, चवळी, हरभरा यांची पाळी येते, कोथिंबिरीची जुडी पन्नासला गेली की ती घेणंच बंद. उलट तूरडाळ किंवा तेल वाढलं तर ते रोजच्या रोज ताटात येतं, तेव्हा भावांच्या पानावर या दोघांवर लक्ष ठेवा, बाकीचे तीन महिन्यांतून एकदा बघितले तरी चालतं.

आणि वही स्वयंपाकघरातच ठेवा, कपाटात नको. आमची फ्रीजवर असते, पेन दोऱ्याने बांधून, कारण पेन मुलगी नेते.